पिशवी असलेल्या सर्वांनी

लेखनिक : एकशे बारा. मी स्वतः मोजले, सिस्टर. आणि एकशे बाराच्या एकशे बारा जणांच्या हातात पिशवी.

सिस्टर : हातात. भाऊसाहेब, हातात असून काय उपयोग?

लेखनिक : ते मला आता कळतंय. मागच्या मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या फाटकातून आत आलो, रांग पाहिली आणि ऊर भरून आला. म्हटलं, बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझी लिहिलेली ओळ वाचून पहिल्यांदाच माणसं घराबाहेर पडली. जवळ गेलो, तर पहिल्या गृहस्थांनी पिशवी उलटी करून दाखवली. म्हणाले, घरून झटकून आणलीय.

सिस्टर : मला आत काही पत्ताच नाही. मी टेबलावर चादर घालून, हातमोजे चढवून बसलेली. दार वाजलं. म्हटलं, या. तर एक आजोबा. म्हणाले, तळाला जरा उसवलीय, चालेल का?

पेंटर : हसवू नका. शिडी हलते.

लेखनिक : तुम्ही तर बोलूच नका, पेंटर. सगळं तुमच्यामुळे झालं. 'गर्भ' तुम्ही काढलात.

पेंटर : 'गर्भपिशवी असलेल्या सर्व व्यक्तींनी तपासणीसाठी यावे' असं लिहायचं ठरलं होतं, कबूल. पण पाटी चार फूट बाय तीन फूट. वरच्या अर्ध्या पाटीवर अधीक्षकसाहेबांचं नाव आणि त्यांच्या पदव्या. तळाला तुमचं 'आदेशावरून'. मधे जी पट्टी उरली तिच्यात वाक्य बसेना. मी वरून विचारलं, दोन अक्षरं जास्त होतायत, काय काढू? तुम्ही म्हणालात, सुरुवातीची काढा.

लेखनिक : मी चहा पीत होतो. चहा पिताना दिलेला आदेश हा आदेश नसतो.

पेंटर : मग खाली 'आदेशावरून' कशाला लिहायला लावलंत?

सिस्टर : मुळात जुनी पाटी काय वाईट होती? 'महिलांसाठी मोफत तपासणी.' वीस वर्षं बायका वाचत होत्या आणि येत होत्या.

लेखनिक : परिपत्रक आलं ना. 'सूचनाफलकांवरील भाषा सर्वसमावेशक असावी. लिंगवाचक शब्द शक्यतो टाळावेत.' वर कुणीतरी एवढ्या दोन ओळी लिहिल्या आणि तो जेवायला गेला. इथे मला तीन दिवस घास गिळेना. तरी माझा पहिला मसुदा निर्दोष होता.

सिस्टर : 'गर्भाशयधारकांनी यावे.'

लेखनिक : परवानाधारक चालतो, खातेधारक चालतो...

सिस्टर : खाली 'मूळ प्रत सोबत आणावी' असं होतं.

लेखनिक : ते हाताच्या सवयीनं आलं.

सिस्टर : म्हणून मी म्हटलं, गर्भाशय म्हटलं की निम्म्या बायकांना ते एखाद्या खात्याचं नाव वाटतं. माझ्या टेबलावर कुणी गर्भाशय म्हणत नाही. पिशवी म्हणतात. पिशवीला सूज आली, पिशवी खाली सरकली, शेजारणीची पिशवी काढली. तेवढा एक शब्द मी सुचवला. माझा गुन्हा तेवढाच.

पेंटर : आणि 'सर्व व्यक्तींनी'?

लेखनिक : ते माझं. 'व्यक्ती' हा तटस्थ शब्द.

पेंटर : कसला तटस्थ, साहेब? ती व्यक्ती आली, ती व्यक्ती बसली. आखाड्यातला पैलवान असला तरी 'ती व्यक्ती'. महिला टाळायला म्हणून तुम्ही जो शब्द आणलात, तो तिची सख्खी बहीण निघाला.

लेखनिक : हे मला रंग वाळल्यावर सुचलं. मग म्हटलं, 'मंडळी' करावं. पण आमचे आजोबा बायकोलाच मंडळी म्हणायचे. 'माणूस' तो, 'लोक' ते, 'जनता' ती. अहो, या भाषेत खुर्ची बाई आहे, पंखा पुरुष आहे, आणि स्टूल बिचारं अधांतरी आहे. मी कुणाकुणाला टाळू? कचेरीत बसायची सोय राहिली नाही.

सिस्टर : ते राहू दे. त्या रखवालदारानं काय केलं ते सांगा याला.

लेखनिक : त्यानं प्रामाणिकपणे ड्यूटी केली. पाटीवर तपासणी लिहिलंय ना, मग त्यानं तपासली. एकेक पिशवी. त्यात छत्र्या निघाल्या, एकाचे हरवलेले चष्मे निघाले, एका बाईंना नवऱ्याच्या पिशवीत सिगारेटी सापडल्या, तिथेच त्यांचं वाजलं. एक जण गिटारची पिशवी घेऊन आला, गिटारसकट. पिशव्यांचा दुकानदार अख्खा गठ्ठा घेऊन आला आणि घाऊक तपासणीची सोय आहे का विचारायला लागला. शेवटी लोक पुरावा मागू लागले. मी तरी काय करणार. 'तपासले' असा शिक्का माझ्याकडे होता.

पेंटर : मारलात?

लेखनिक : एकशे बारा. हात अजून दुखतोय.

सिस्टर : हसून झालं असेल तर एक सांगते. त्या एकशे बारांत बायका अकरा. त्यातल्या सात जणी नवऱ्याची पिशवी धरायला आलेल्या. माझ्या टेबलापर्यंत पोचल्या चार. एरवी चाळीस येतात. नेहमी येणाऱ्या त्या शिवणकामवाल्या ताईंना मी रस्त्यात गाठून विचारलं, का हो नाही आलात? म्हणाल्या, पाटीवर बायकांचं नावच नाही, मला वाटलं आमचा दिवस बंद केला. आणि बाप्यांच्या रांगेत मी त्या कामासाठी उभी राहू का? आता यांना मी परिपत्रक वाचून दाखवू?

लेखनिक : म्हणजे सगळ्यांना बोलवायच्या नादात...

सिस्टर : ज्या येत होत्या त्या गेल्या. आज मंगळवार. नऊ वाजता दार उघडायचं. आत्ता पावणेआठ, आणि पाटी पांढरी फटक.

लेखनिक : कचेरीतला फोन वाजतोय. एवढ्या सकाळी म्हणजे अधीक्षकसाहेबच. पेंटर, मी येईपर्यंत काहीही लिहू नका. अनुस्वारसुद्धा देऊ नका.

(लेखनिक फोन घ्यायला आत जातात. सिस्टर व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतात आणि शिडीला हात लावून उभ्या राहतात.)

सिस्टर : उतर. आणि माझ्याकडे बघ. किती दिवस झाले?

पेंटर : कशाला?

सिस्टर : मी आत्या आहे तुझी, भिंत नव्हे. माझ्यावर चुना फासू नकोस. रक्त जातंय ते किती दिवस?

पेंटर : दोन महिने. मधे थांबलं होतं.

सिस्टर : आणि तू मला काल सांगतेस. सांगतोस.

पेंटर : आज सकाळपासून दुसऱ्यांदा.

सिस्टर : दोनच? सुधारले की मी. तुला दाढी यायच्या आधी दिवसाला अशा वीस चुका व्हायच्या. हे बघ, माझ्या आईचं, तुझ्या आजीचं, अस्संच सुरू झालं होतं. लाजेपायी ती सांगेना, आणि सांगितलं तेव्हा वेळ गेली होती. तू कशापायी अडून बसलायस?

पेंटर : बाकापायी. आत त्या बाकावर चाळीस बायका बसतात. मी ही दाढी घेऊन त्यांच्यात बसू? त्या बिचकतील. आणि बिचकल्या तर त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता यायचं नाही. नाही बिचकल्या आणि कुणी ओळखून 'अगं, तू?' म्हणाली, तर मी उठून जाईन आणि परत येणार नाही. मला मी माहीत आहे.

सिस्टर : तपासणीच्या बोलावण्याचं पत्र येतं, त्यावर वेगळी वेळ मागून घ्यायचीस. घ्यायचास. घ्यायची होती.

पेंटर : पत्र येतं कुठे? कागदावर पुरुष झालो त्या दिवशी तुमच्या कॉम्प्युटरनं मला या तपासणीतून नारळ दिला. प्रोस्टेटचं पत्र मात्र तीनदा आलं.

सिस्टर : तुला?

पेंटर : 'आपले प्रोस्टेट, आपली काळजी.' छान कागद होता. जे नाही त्याची एवढी विचारपूस, आणि जे आहे त्याची कुणाला खबर नाही.

सिस्टर : हसू नकोस रे. मला हसू येतं आणि मग रडू येतं.

पेंटर : एक सांगू? पाटी मीच लिहिली ना. 'सर्व व्यक्तींनी' लिहिताना वाटलं, चला, आपल्यालाही बोलावलंय. मंगळवारी हातावरचा रंग टर्पेंटाइननं पुसला, धुतला शर्ट घातला आणि आलो. येऊन बघतो तर ही जत्रा.

सिस्टर : मग?

पेंटर : मग घरी गेलो, पिशवी घेतली आणि रांगेत उभा राहिलो.

सिस्टर : तू? त्या एकशे बारांत?

पेंटर : सत्तावन्नावा. साहेबांनी शिक्का मारून दिला.

सिस्टर : देवा. 'तपासले.'

पेंटर : 'तपासले.' दिनांकासह.

सिस्टर : चल आत. आत्ताच्या आत्ता. खोली रिकामी आहे, नऊपर्यंत कुणी फिरकत नाही. दहा मिनिटांचं काम.

पेंटर : नको.

सिस्टर : नको काय?

पेंटर : आत्या दवाखान्यात म्हणून मी दार उघडायच्या आधी गुपचूप. आणि ज्याची आत्या दवाखान्यात नाही त्यानं काय करायचं? पाटी नीट होऊ दे. ती वाचून मी येईन, नंबर लावून.

सिस्टर : हा हट्ट तुझ्या बापाचा. आणि नाहीच झाली पाटी नीट?

पेंटर : मग बघू.

सिस्टर : 'मग बघू' आई म्हणायची. चढ वर. आले बघ ते. आणि हे काय, भाऊसाहेब तर नाचतच येतायत.

लेखनिक : सिस्टर, साहेब बेहद्द खूश. त्यांनी त्या रांगेचा फोटो वर पाठवला होता. वरून शाबासकीचं पत्र आलंय. 'उत्स्फूर्त प्रतिसाद, विशेषतः पुरुषांचा सहभाग लक्षणीय.' अशी उपस्थिती या तपासणीला कुठेच नाही म्हणे.

सिस्टर : कशी असेल?

लेखनिक : ते मी बोललो नाही. साहेबांचं म्हणणं, हीच योजना पुढे चालू ठेवा. आणि त्यांना आणखी एक मानद पद मिळालंय, तर नावाखाली ती तिसरी ओळ घ्या, आणि एकूणच नाव जरा ठळक.

पेंटर : मग मजकुराला किती जागा उरते?

लेखनिक : तेच विचारायला आलो.

पेंटर : वीतभर. नीट लिहिलं तर एक ओळ.

लेखनिक : मग 'सर्वांसाठी तपासणी' एवढंच करू. सुटसुटीत.

सिस्टर : कशाची ते न सांगता? या वेळी लोक दुचाक्या घेऊन येतील. भाऊसाहेब, माझ्या त्या शिवणवाल्या ताईंना पाटीवर बायका दिसल्या पाहिजेत. ती तपासणी कशी असते तुम्हाला ठाऊक नाही. पडदा लागतो, समोर बाई लागते, बाकावर शेजारी बाई लागते, तेव्हा कुठे ती चप्पल काढून आत पाऊल टाकते. तो शब्द गाळायचा नाही. गाळलात तर मी पाटीखाली खुर्ची टाकून बसेन आणि स्वतः हाका मारेन.

पेंटर : मी एक सुचवू?

लेखनिक : रंगाबद्दल?

पेंटर : मजकुराबद्दल. 'बायकांनो, गर्भपिशवीच्या तपासणीला या. बाई नसलात, पण गर्भपिशवी असेल, तर तुम्हीही या. बाकावर बसायचं नसेल तर कचेरीत नंबर घ्या, हाक मारू. आत फक्त सिस्टर असतात.'

लेखनिक : हे तर बोलणं झालं. पाटीवर कुणी असं बोलतं का? पण थांबा. 'नसलात.' 'या.' 'घ्या.' यात तो नाही आणि ती नाही. तुम्ही म्हटलं की सगळंच सुटतं. आणि मी तीन दिवस त्या व्यक्तीशी कुस्ती खेळत होतो. खरं सांगू, मी जन्मभर 'यावे' लिहीत आलो. 'या' असं कुणाला लिहिलंच नाही.

सिस्टर : मग लिहा आता.

लेखनिक : पण चार ओळी होतात. आणि दुसरी ओळ कुणासाठी? मी विरोध करत नाही, फक्त विचारतो. एवढ्या भागात असा माणूस आहे का? एक तरी? नसलेल्या माणसासाठी मी साहेबांची पदवी कशी कापू?

सिस्टर : चिमण्या, ब्रश खाली ठेव.

लेखनिक : चिमण्या? माणूस एक आणि अनेकवचन?

सिस्टर : लहानपणी आम्ही चिमणी म्हणायचो. आता चिमण्या.

लेखनिक : बरोबर. चिमणीचं पुल्लिंग चिमणा, त्याचं संबोधन चिमण्या. शुद्ध आहे. म्हणजे पेंटर तुमच्या नात्यातले?

सिस्टर : भाचा.

लेखनिक : असं होय. भाचा. आणि लहानपणी...

सिस्टर : चिमणी.

लेखनिक : आणि मधे...

सिस्टर : मधे मोठा झाला.

लेखनिक : अच्छा. अच्छा. मी जरा या पायरीवर बसतो.

पेंटर : बसा, साहेब. ओला रंग डावीकडे आहे.

लेखनिक : मागच्या मंगळवारी निळ्या शर्टात तुम्हीच होतात ना? मी म्हटलंही, पेंटरला पिशवी तपासायची हौस कशी.

पेंटर : मीच.

लेखनिक : म्हणजे एकशे एक पुरुषांतले शंभर चुकून आले. जो एक माणूस बरोबर आला, त्याच्या भलत्याच पिशवीवर मी शिक्का मारून त्याला परत पाठवला. सिस्टर, बत्तीस वर्षांत माझ्या हातून एक खोटी नोंद झाली नव्हती.

सिस्टर : मनाला लावून घेऊ नका. माझी त्याहून जुनी आहे. हा जन्मला तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. खोलीबाहेर धावत येऊन साऱ्या घराला 'मुलगी झाली' म्हणून मीच सांगितलं. अडतीस वर्षं ती बातमी माझ्या नावावर आहे.

लेखनिक : त्याला शुद्धिपत्रक काढावं लागेल.

पेंटर : काढलंय. तेव्हापासूनच प्रोस्टेटची पत्रं येतात.

लेखनिक : मला एक सांगा, हे नुसतं पाटीपुरतं आहे की तुम्हाला काही...

सिस्टर : दोन महिने रक्त जातंय त्याला. आणि स्वारी म्हणते, आधी पाटी, मग तपासणी.

लेखनिक : हे आधी नाही का सांगायचं? मी इथे मानद पदव्या मोजत बसलोय. पेंटर, साहेबांचं नाव किती जागा खातं?

पेंटर : वाढीव ओळ धरली तर पाऊण पाटी.

लेखनिक : ते पूर्ण गाळलं तर?

पेंटर : चारही ओळी बसतात. अक्षर मोठं. चष्मा घरी विसरलेल्या आजीलाही दिसेल.

सिस्टर : भाऊसाहेब, तुमची निवृत्ती आठ महिन्यांवर आहे.

लेखनिक : म्हणूनच कायद्यानं जाऊ. पेंटर, नावाच्या आधी काय असतं?

पेंटर : 'मा. श्री.'

लेखनिक : आता बघा. परिपत्रक म्हणतं, लिंगवाचक शब्द टाळावेत. 'श्री.' हा उघड उघड लिंगवाचक. तो ठेवला तर परिपत्रकाचा भंग. तो काढून साहेबांचं नाव नुसतंच लिहिलं तर साहेबांचा अपमान, तो माझ्यानं होणे नाही. तेव्हा सर्वसमावेशकतेच्या हितार्थ संपूर्ण नाव आदरपूर्वक वगळण्यात येत आहे. तीन प्रती काढतो. एक साहेबांना, एक वर, एक मी फ्रेम करून घरी लावीन.

पेंटर : आणि 'बायकांनो'? तोही लिंगवाचकच आहे की.

लेखनिक : तिथे 'शक्यतो' आहे ना. लिंगवाचक शब्द शक्यतो टाळावेत. बायका टाळणं शक्य नाही, असं सिस्टरांचं वैद्यकीय मत आहे. आहे ना, सिस्टर?

सिस्टर : लेखी देते.

लेखनिक : झालं तर. बायकांना 'शक्यतो'नं ठेवलं, साहेबांना 'टाळावेत'नं घालवलं. एकच वाक्य. लिहा, पेंटर. 'आदेशावरून' नका लिहू. या वेळी कुणी आदेश दिलेला नाही.

सिस्टर : हात चालव रे. सव्वाआठ झाले.

लेखनिक : आता नोंदीचं बघू. कॉम्प्युटरमध्ये 'पुरुष' टाकलं की या तपासणीचं पानच उघडत नाही, हे मला माहीत आहे. मागे चुकून एका बाईंची तशी नोंद झाली होती, तेव्हा तो चार दिवस रुसला होता. 'स्त्री' टाकू का तेवढ्यापुरतं?

पेंटर : नको.

सिस्टर : नकोच. पण प्रयोगशाळेला खरं कळायला हवं, चिमण्या. कुठल्या शरीरातलं, तू कुठली औषधं घेतोस, सगळं. नाहीतर ते काचपट्टीकडे बघत डोकं खाजवतील. तिथे मी मुलाहिजा ठेवणार नाही.

पेंटर : ते सांग ना. खरं सांगायला माझी कुठे हरकत आहे? खोटं लिहायला आहे.

लेखनिक : मग हातवहीत घेऊ. हातवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. कॉम्प्युटरला शेरा नसतो, म्हणून तो असा वागतो. शेऱ्यात काहीही मावतं. हे पाहा, लिहिलं. 'पुरुष. गर्भपिशवी आहे. तपासणी करावी.' तीन वाक्यं, तिन्ही खरी. आणि नंबर?

पेंटर : जो येईल तो.

लेखनिक : रंग वाळेपर्यंत सात जणी तरी पुढे असतील. आठवा घ्या. आणि माझ्या कचेरीत बसा. तिथली खुर्ची बाई आहे, पण समजूतदार आहे.

सिस्टर : नऊला पाच कमी. त्या शिवणवाल्या ताई आल्यात का हो?

लेखनिक : आल्यात, पाटीखाली उभ्या आहेत. मी मुद्दाम जवळून गेलो. पहिली ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली. दुसरी मनात वाचली, दोनदा. मग मला विचारलं, ही कुणासाठी? मी म्हटलं, ज्याला कळेल त्याच्यासाठी. तर म्हणाल्या, बरं, मग पहिली माझी. आणि जाऊन बाकावर बसल्या. त्यांच्यामागून तिघी आल्या. एक आजी मात्र पिशवी घेऊन आल्यात.

सिस्टर : तपासायला?

लेखनिक : नाही, पिशवीत त्यांचे जुने रिपोर्ट आहेत. मी आधीच उघडून बघितली. माझा आता पिशवी या वस्तूवर विश्वास राहिलेला नाही.

सिस्टर : चला, दार उघडते. तुम्ही बाहेर सांभाळा. आणि आठव्याला हाक मारताना नीट मारा.

लेखनिक : काय म्हणून मारू? 'पुढचा' म्हटलं तर बाकावरच्या बिचकतील, 'पुढची' म्हटलं तर तो उठून जाईल.

सिस्टर : नंबर आहे ना त्याला.

लेखनिक : खरंच की. आकड्यांना लिंग नसतं. हे मला आधी सुचलं असतं तर पाटीवर नुसते आकडेच लिहिले असते.

सिस्टर : भाऊसाहेब.

लेखनिक : गेलो.

(तासाभरानं, बाकापाशी.)

लेखनिक : आठ नंबर. आठ नंबर, या. हो हो, तुम्हीच. वहिनी, पाय जरा आत घ्या, त्यांना जाऊ दे. रंगाचं काम नाही हो, नंबरच आहे त्यांचा. आठवा. तुमच्या आधी लागलाय, तुमचा नववा कुठेही जात नाही.

सिस्टर : आत ये. दार लोट, कडी घाल. पडदा मी ओढते. बाहेर कुणी काही बोललं?

पेंटर : शिवणवाल्या ताई घरी निघताना म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे.

सिस्टर : मग तोंड का उतरलंय?

पेंटर : आता काही कारणच उरलं नाही. पाटी झाली, नोंद झाली. आता नुसती भीती उरलीय.

सिस्टर : ती सगळ्यांचीच उरते. चढ टेबलावर. ही चादर घे अंगावर.

पेंटर : सगळ्यांना काय म्हणतेस तू, या वेळी?

सिस्टर : म्हणते, बाई, अंग सैल सोडा.

पेंटर : आणि मला?

सिस्टर : गाढवा, अंग सैल सोड.

पेंटर : हे बरं वाटलं.

सिस्टर : हसलास, म्हणजे सुटलं अंग. अजून थोडं.

पेंटर : आत्या, आजीला इथे फार दुखलं होतं का गं?

सिस्टर : ती इथवर आलीच नाही, राजा. तू आलास.

पेंटर : आणि काही निघालं तर?

सिस्टर : तर मी आहे. पाय वर घे. थांब, एक मिनिट थांब. हात गार आहेत माझे, चोळून घेते.